पटलावर न आलेले कागद

पुणे महापालिकेतील नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि आयुक्तच महापालिकेचे प्रशासक झाले. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, सर्वोच्च न्यायालयातील याचिका यांच्या गुंत्यात निवडणूक लांबत गेली. मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या पावणेचार वर्षांत एकामागून एक तीन आयुक्तांनी कारभार पाहिला. खात्याने विषयपत्र तयार करायचे, आयुक्तांनी सही करून ते स्थायी समितीकडे पाठवायचे, आणि समितीचे सगळे अधिकार प्रशासकांकडे असल्यामुळे त्याच आयुक्तांनी त्याला मान्यता द्यायची, असा कागदाचा प्रवास होता. यात बेकायदा काही नव्हते. मुदत संपलेल्या सभागृहाच्या जागी प्रशासक बसवण्याची सोय कायद्यातच आहे. पण त्या सोयीचा एक परिणाम मला फार गंभीर वाटतो, आणि शहरात त्याची पुरेशी चर्चा झाली नाही. महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आपले आक्षेप कायद्याप्रमाणे स्थायी समितीला कळवतात. समितीच नसेल तर ते आक्षेप प्रशासकांकडे जातात. म्हणजे ज्यांच्या कारभाराची तपासणी झाली, त्यांच्याच टेबलावर.

सभागृह भरत होते तेव्हा सगळे आलबेल होते असे मुळीच नाही. ऐनवेळचे विषय, वर्षअखेरीस घाईने मंजूर झालेली वर्गीकरणे, चर्चेविना संमत झालेली पूर्वगणनपत्रके पुणेकरांनी भरपूर पाहिली आहेत. तरीही स्थायी समितीच्या सोळा सदस्यांपैकी एखादा अभ्यासू सदस्य ‘या कामाची मूळ फाईल समितीपुढे ठेवा, तोवर विषय पुढे ढकला’ असे म्हणू शकत होता आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात जात होते. मुख्य सभेत लेखी प्रश्न आला की खात्याला लेखी उत्तर द्यावे लागत होते. तातडीचे म्हणून कलम ६७(३)(क) खाली आयुक्तांनी एखादे काम परस्पर केले, तर ते का केले हे समितीला आणि सभागृहाला कळवावे लागत होते. पावणेचार वर्षे हे कळवायचे कोणाला, हाच प्रश्न होता.

पुढील प्रकरणांचा विषय हा आहे. कागद कारभार करणाऱ्याच्या दफ्तरात असतो आणि हिशेब मागायचा असतो सभागृहाने. महापालिकेत हा पेच आयुक्त आणि मुख्य सभा यांच्यात पडतो, राज्यात मंत्रालय आणि विधिमंडळ यांच्यात, दिल्लीत सरकार आणि संसद यांच्यात. काही कागद काही काळ गुप्त राहिले पाहिजेत, हे कोणताही समंजस माणूस मान्य करील. खरे भांडण ‘गुप्त काय’ याहून अधिक ‘गुप्त काय हे ठरवणार कोण’ याचे आहे. ज्याच्याकडे कागद आहे त्यानेच ते ठरवायचे, असे आपण गेली सव्वाशे वर्षे, थोडेफार अपवाद सोडले तर, चालवून घेतले आहे. हे बदलले पाहिजे असे मला वाटते, आणि त्याची कारणे मी पुण्याच्याच इतिहासातून मांडणार आहे.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना या प्रश्नाचा चटका बसला तो १८९७ साली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडात गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या चालल्या होत्या. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून कळवलेल्या अत्याचारांची हकीकत, त्यात स्त्रियांवरील अत्याचारही आले, गोखल्यांनी तिकडच्या वर्तमानपत्राला सांगितली. मुंबई सरकारने ती साफ नाकारली. ते परतले तेव्हा प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली होती, शहरावर जादा पोलिसांचा बोजा बसला होता, आणि पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे यायला तयार नव्हते. त्यांची नावे सांगणे गोखल्यांना मान्य नव्हते. आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून त्यांनी सरकारची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली.

या माफीवरून गोखल्यांना नेमस्त, भित्रे ठरवणारे पुष्कळ लिखाण मराठीत आहे. मला त्या प्रसंगात दुसरेच काही दिसते. तक्रार ज्या यंत्रणेविरुद्ध होती, झडत्यांची नोंद असलीच तर ती तिच्याच दफ्तरी होती. चौकशी करायची की नाही हे तीच ठरवणार होती, आणि काही घडले नाही असा निर्वाळाही तीच देत होती. मुंबईच्या कायदेमंडळात किंवा पुण्याच्या नगरपालिकेत असा एकही माणूस नव्हता, ज्याला ते दफ्तर उघडून पाहण्याचा अधिकार होता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली होती, पण उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येई, मतदान करता येत नसे. पुरावा मागायचा तर तो ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच मागायचा, अशा स्थितीत त्या माणसाने आणखी काय करायचे होते?

गोखले पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले आणि त्यात सरकारचीच आकडेवारी सरकारपुढे उलटी मांडली. शिल्लक दाखवली जाते आहे, याचा अर्थ देश संपन्न आहे असा होत नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे असा होतो, हा त्यांचा मुद्दा होता. तो खोडता आला नाही, कारण आकडे छापील सरकारी ग्रंथांतले होते. १८९७ मध्ये त्यांच्या हाती पत्रे होती, १९०२ मध्ये दफ्तर होते. ‘अमक्याने मला कळवले’ आणि ‘तुमच्याच पान अमुकवर असे लिहिले आहे’ यांतले अंतर त्यांच्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल.

म्हणूनच कर्झनच्या सरकारने १९०३ च्या डिसेंबरात सरकारी गुपितांच्या कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा गोखले त्याविरुद्ध उभे राहिले. १८८९ चा मूळ कायदा मुख्यतः लष्करी आणि आरमारी माहितीसाठी होता. दुरुस्तीने मुलकी कारभारही त्याच्या कक्षेत येणार होता आणि आपण निर्दोष आहोत हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडणार होता. हिंदी वर्तमानपत्रांबरोबर इंग्रजांची वर्तमानपत्रेही या विधेयकावर तुटून पडली. प्रवर समितीत त्याची धार थोडी बोथट झाली, तरी मार्च १९०४ मध्ये कायदा मंजूर झालाच. त्याच्या जागी आलेला १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आजही अस्तित्वात आहे. स्वातंत्र्यानंतर आपण पुष्कळ कायदे बदलले. साहेबाने नेटिवापासून कागद लपवण्यासाठी केलेला हा कायदा मात्र निवडून आलेल्या सरकारांनीही सोडला नाही.

स्वतंत्र भारतातही या पेचाचा निकाल लागला नाही. संविधानाच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ ने संसदेला आणि विधिमंडळांना विशेषाधिकार दिले. लोकलेखा समिती १९२१ पासून होतीच. ती लोकसभा अध्यक्षांच्या अधिकाराखाली आली, आणि १९६७ मध्ये मिनू मसानींपासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. समित्यांना साक्षीदार बोलावण्याचा, कागद मागवण्याचा अधिकार आहे. वाचताना वाटते की आता काही कमी नाही. मग नजर जाते लोकसभेच्या कामकाज नियमांतील २७० व्या नियमाच्या परंतुकाकडे. एखादा दस्तऐवज उघड होणे राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक आहे, या कारणावरून सरकार तो समितीपुढे ठेवण्यास नकार देऊ शकते. सुरक्षिततेचे समजू शकते, पण ‘हित’ या शब्दात काय मावणार नाही? शिवाय ते हित तपासून पाहणारा तिसरा कोणी नाही. नियम ३६८ सांगतो की मंत्र्याने सभागृहात एखाद्या सरकारी कागदातला मजकूर वाचून दाखवला, तर तो कागद पटलावर ठेवलाच पाहिजे. आणि लगेच सांगतो की तसे करणे लोकहिताला धरून नाही असे मंत्र्याने म्हटले, तर ठेवायची गरज नाही. दोन्ही ठिकाणी अधिकार सभागृहाला दिला आहे आणि त्याची किल्ली सरकारच्या खिशात ठेवली आहे.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आधी न्यायमूर्ती बावडेकर, त्यांच्यानंतर न्यायमूर्ती नाईक यांच्यापुढे काम चालले आणि अहवाल झाला. त्यात काय राहून गेले, काय झाकले गेले यावर पुण्यात आजही वाद होतात. पण वाद घालायला काहीतरी हाती आहे. पुढच्याच वर्षी चीनयुद्धानंतर चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाची लष्करी कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांना नेमले गेले. त्यांच्या अहवालाचा गोषवारा चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदनाच्या रूपाने सांगितला. मूळ अहवाल पटलावर आला नाही, आणि साठ वर्षे उलटून गेल्यावरही आलेला नाही. सैन्य सीमेवर असताना १९६३ मध्ये तो न देण्यामागचे कारण मी समजू शकतो. चव्हाणांच्या सचोटीबद्दलही मला शंका नाही. पण त्यांच्या निवेदनात अहवालाचा सारांश नीट उतरला आहे का, हे तपासण्याचे साधन तेव्हाच्या लोकसभेकडे नव्हते. चांगला मंत्री असला म्हणजे भागते, अशी सवय अशा प्रसंगांतून लागली, आणि ती सवय पुढच्या सगळ्या मंत्र्यांच्या कामी आली.

या सवयीला ज्यांनी सर्वांत चिकाटीने विरोध केला त्यांत मधू लिमये यांचे नाव घ्यावे लागेल. पुण्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकलेला हा समाजवादी बिहारमधून लोकसभेवर निवडून जात असे. नियमांचे पुस्तक त्यांना मुखोद्गत होते, आणि मंत्र्याच्या उत्तरातली विसंगती ते कागद दाखवून उघडी पाडत. १९७४ मध्ये पाँडिचेरीच्या आयात परवान्यांचे प्रकरण निघाले. काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून एकवीस खासदारांच्या सह्यांचे निवेदन दिले गेले होते. बहुतेक खासदारांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले. तुलमोहन राम या खासदारावर खटला भरला गेला. केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल सभागृहापुढे ठेवा अशी विरोधकांची मागणी होती आणि सरकार न्यायप्रविष्ट बाब म्हणून नकार देत होते. हिवाळी अधिवेशन त्यावरून दिवसेंदिवस अडून राहिले. अखेर विरोधी पक्षांच्या नेत्यांनी गुप्ततेच्या अटीवर कागद पाहावेत, अशी तडजोड निघाली.

ही तडजोड मला महत्त्वाची वाटते. एका बाजूने पाहिले तर ती लंगडी आहे: ज्याने कागद पाहिला तो त्याविषयी बोलू शकत नाही, आणि जो बोलू शकतो त्याने कागद पाहिलेला नाही. पण दुसऱ्या बाजूने, ‘कागद पाहू न देणे’ आणि ‘कागद प्रसिद्ध करणे’ यांच्यामध्ये एक वाट आहे, हे आपल्याच संसदेने तेव्हा दाखवले. ती वाट पुढे रुळली असती, तिला नियमाचे रूप मिळाले असते, तर बोफोर्सपासून राफेलपर्यंतचे कितीतरी गोंधळ वाचले असते. राफेलच्या वेळी तर विलक्षण गोष्ट घडली. विमानांच्या किमतीचा तपशील महालेखापरीक्षकांना दिला असून त्यांचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१८ च्या निकालात लिहिले गेले. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खरगे यांनी सांगितले की असा कोणताही अहवाल आपल्यापुढे आलेलाच नाही. सरकारने मग निकालातील त्या वाक्याची दुरुस्ती मागितली. फेब्रुवारी २०१९ मध्ये अहवाल संसदेत आला तेव्हा त्यातले किमतीचे आकडे झाकलेले होते.

इतर देशांनी हे कोडे पूर्ण सोडवले आहे असे मी म्हणणार नाही. वॉटरगेटच्या वेळी निक्सनच्या ध्वनिफिती मागणारी अमेरिकी सिनेटची समिती न्यायालयात हरली होती. त्या फिती शेवटी मिळाल्या त्या फौजदारी खटल्यासाठी, सरकारी वकिलाला. ब्रिटनमध्ये मात्र ४ डिसेंबर २०१८ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ब्रेक्झिटवरील कायदेशीर सल्ला पूर्ण न दिल्याबद्दल सरकारलाच सभागृहाच्या अवमानाचे दोषी ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी तो सल्ला प्रसिद्ध झाला. आपण संसदीय पद्धत जिथून घेतली तिथे हे होऊ शकते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याची सर्वांत महागडी परीक्षा एन्रॉनच्या निमित्ताने झाली. ८ डिसेंबर १९९३ रोजी राज्य वीज मंडळ आणि एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीजखरेदीचा करार झाला. वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम द्यावी लागेल, देणे डॉलरच्या दराशी बांधलेले राहील, राज्य सरकार हमी देईल आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी असेल, अशी त्याची रचना होती. पुढच्या वीस वर्षांत राज्यातील वीजग्राहकाने काय भरायचे हे त्या कराराने ठरणार होते; तो करार मात्र जनतेसाठी गोपनीय होता. पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी कराराचा तांत्रिक आणि आर्थिक अभ्यास करून १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. क्षमता आकार कसा बसतो, इंधनाचा खर्च कसा वाढत जातो, मंडळाच्या तिजोरीवर त्याचा भार किती पडेल, हे त्यांनी एकेक कलम घेऊन दाखवले. ज्या कामासाठी विधिमंडळाकडे समित्या होत्या, सचिवालय होते, कागद मागवण्याचा अधिकार होता, ते काम या शहरातल्या काही अभियंत्यांनी स्वतःच्या हिमतीवर केले. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि विधिमंडळाने ते काम केले नाही याचे तितकेच दुःख आहे.

नंतर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन आणखी मोठ्या रूपात परत आला. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात प्रकल्पाला मिळालेल्या मंजुऱ्यांच्या प्रक्रियेवरच बोट ठेवले. त्या मंजुऱ्यांचे कागद मंत्रालयात आणि दिल्लीत आधीपासूनच होते. आठ वर्षे आधी, करारावर सही होण्यापूर्वी, ते सार्वजनिक उपक्रम समितीच्या टेबलावर का आले नाहीत, या प्रश्नासाठी पुढे एक स्वतंत्र प्रकरण खर्च केले आहे.

सभागृहे कागद मागत नाहीत, किंवा मागूनही त्यांना मिळत नाहीत, हे पाहून नागरिकांनी दुसरा दरवाजा ठोठावला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून महाराष्ट्राचा २००२ चा माहिती अधिकार कायदा आला, मग २००५ चा केंद्रीय कायदा. पुण्याने या कायद्याचा वापर करायला राज्याला शिकवले असे म्हटले तर वावगे होणार नाही. पत्रकार प्रकाश कर्दळे यांनी त्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे दिली. महापालिकेत सोमवारी नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत इथे सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अशी वेळ त्यासाठी ठरवून दिली.

त्या २००५ च्या कायद्यात एक ओळ होती, जी या विषयाचे हृदय आहे. खासगी माहितीला संरक्षण देणाऱ्या कलम ८(१)(ञ) ला जोडलेले परंतुक असे सांगत होते की, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराच्या अधिकाराच्या मापाने नागरिकाचा अधिकार मोजायचा, अशी ती कल्पना होती. तिचा कस महाराष्ट्रातच लागला. राज्याचे तेव्हाचे वनमंत्री सुरूपसिंग नाईक यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महिन्याची कैद सुनावली, आणि त्यातला बराच काळ ते जे. जे. रुग्णालयात होते. त्यांच्या उपचाराची कागदपत्रे एका नागरिकाने मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे परंतुक वाचून सांगितले की, सरकारी रुग्णालयातील कैद्याची अशी नोंद विधिमंडळाने मागितली तर नाकारता येणार नाही, मग नागरिकालाही ती सरसकट नाकारता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने हे कलम बदलले. आता तिथे केवळ ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द आहेत, परंतुक गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अंमलात आला. लोकहिताचे कारण दाखवून माहिती देण्याची कलम ८(२) ची वाट अजून शिल्लक आहे, पण तिथे पुन्हा निर्णय कागद सांभाळणाऱ्याच्याच हाती जातो. या बदलाची बातमी झाली ती मुख्यतः पत्रकार आणि कार्यकर्ते यांचे नुकसान म्हणून. माझे मत असे की यात आमदार-खासदारांचेही काहीतरी गेले. त्यांचा अधिकार हे देशातल्या प्रत्येक माणसाच्या अधिकाराचे माप आहे, असे कायदा म्हणत होता. ते माप पुसले जात असताना सभागृहांतून जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मी ज्या अधिकाऱ्यांशी या विषयावर बोललो, त्यांचे म्हणणे असे की टिपणी उघड होणार असेल तर कोणी मोकळेपणाने लिहिणार नाही. ‘चर्चा केल्याप्रमाणे’ एवढाच शेरा मारून फाईल पुढे जाईल आणि खरा सल्ला फोनवर दिला जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. निविदा उघडण्यापूर्वीचे दर, चालू तपासातील जबाब, एखाद्या पीडितेची ओळख यांना संरक्षण हवेच. लोकप्रतिनिधींवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असेही नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना संसदेने काढून टाकले, हे विसरता येत नाही. पण यांतली प्रत्येक अडचण काळाची, प्रमाणाची किंवा शिस्तीची आहे. निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर मंत्रिमंडळाचे निर्णय, त्यांची कारणे आणि त्यामागचे कागद खुले करावेत, असे माहिती अधिकाराचा कायदाच सांगतो. बंद दाराआड समितीने कागद पाहण्याची वाट १९७४ मध्ये दिसली आहे. नकार द्यायचा असेल तर त्याची कारणे लेखी द्यावीत आणि ती सभागृहाच्या अध्यक्षांनी किंवा दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी मूळ कागद पाहून तपासावीत, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ गोष्टी सरळ होतील. गुप्तता ठेवणाऱ्याला तिचे समर्थन कोणापुढे तरी करावे लागावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पुढील प्रकरणांत विधिमंडळाच्या समित्यांची पद्धत, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येणारे महालेखापरीक्षकांचे अहवाल, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ या उत्तराचे पुढे काय होते, आणि आदर्श सोसायटीच्या चौकशी आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात येईपर्यंत झालेली ओढाताण, हे सर्व तपशिलाने आले आहे. वाचकाने ती कोणत्याही क्रमाने वाचावीत. महापालिकेवरचे प्रकरण मात्र मी शेवटी ठेवले आहे, कारण तिथे काही करणे आपल्या हातात लगेच आहे. प्रशासकांच्या काळात माजी नगरसेवकांनाही साध्या माहितीसाठी माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागत होते. आता सभागृह पुन्हा भरले आहे. मार्च २०२२ पासूनचे प्रशासकांचे ठराव, ६७(३)(क) खाली झालेली कामे आणि मुख्य लेखापरीक्षकांचे न मिटलेले आक्षेप, हे सगळे महापालिकेच्या दफ्तरात आहे आणि मुख्य सभेला ते मागता येते. कोणत्या खात्याला, कोणत्या वर्षाचे, नेमके काय विचारायचे याचा मसुदा त्या प्रकरणाच्या अखेरीस जोडला आहे. नगरसेवकांनी तो जसाच्या तसा वापरायला हरकत नाही.